खानदेशातील घरगुती मोडेम

संगणकातील अंकीय संकेतांचे दूरध्वनीच्या तारेवरून जाऊ शकतील अशा विद्युत् संकेतांत रूपांतर करणारे, तसेच तारेवरून आलेल्या संकेतांपासून मूळ अंकीय संकेत पुन्हा मिळविणारे साधन म्हणजे मोडेम होय. विरूपण आणि त्याची उलट क्रिया यांच्या इंग्रजी नावांचे आरंभीचे अंश जोडून हा शब्द बनला आहे. तो मराठीत जसाच्या तसा रूढ झाला असून खानदेशात ‘मोडम’ असाही उच्चार सर्रास ऐकू येतो. धुळे व जळगाव या दोन जिल्ह्यांत (१९९८ पासून नंदुरबार धरून तीन) हे साधन प्रथम मोजक्या कार्यालयांत, नंतर व्यापारी पेढ्यांत व संगणक-शिक्षणकेंद्रांत आणि शेवटी राहत्या घरांत आले. घरात आलेल्या मोडेमचा इतिहास हा मुख्यतः दूरध्वनी केंद्रापासून घरापर्यंतच्या तांब्याच्या तारेचा इतिहास आहे. ही तार किती लांब आहे, कोणाच्या मालकीची आहे आणि पावसाळ्यात टिकते की नाही, यांवर मोडेमचे यशापयश यंत्राच्या गुणवत्तेपेक्षा अधिक अवलंबून राहिले.

खानदेशाच्या भूमीवरून विद्युत् तार गेली ती स्थानिक लोकांच्या सोयीसाठी नव्हे. १८५४ मध्ये कलकत्ता, आग्रा व मुंबई ही शहरे तारायंत्राने जोडण्यात आली, तेव्हा आग्रा ते मुंबई हा टप्पा इंदूरमार्गे जाणाऱ्या राजरस्त्याच्या अनुरोधाने टाकण्यात आला. शिरपूर व धुळे ही गावे याच रस्त्यावर आहेत. फेब्रुवारी १८५५ मध्ये तारायंत्र सर्वसामान्यांच्या वापरासाठी खुले झाले. ही तार सत्तेचे साधन आहे, हे तिच्या विरोधकांनीही ओळखले होते. नोव्हेंबर १८५८ मध्ये तात्या टोपे यांच्या सैन्याने नर्मदेच्या दक्षिणेस मुंबई–आग्रा रस्ता ओलांडताना त्यावरील तारा तोडल्या होत्या. १८६० नंतरच्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग चाळीसगाव, जळगाव व भुसावळ या स्थानकांवरून पुढे गेला आणि रुळांच्या कडेने रेल्वेची स्वतःची तारही आली. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाचे भाव भडकल्यामुळे खानदेशातील कापूस व्यापाऱ्यांना दूरच्या बाजारातील भाव लवकर कळण्याचे महत्त्व प्रथमच तीव्रतेने जाणवले. १८७० मध्ये समुद्रातील केबलने मुंबई इंग्लंडशी जोडली गेल्यावर लिव्हरपूलचा भाव मुंबईस आणि मुंबईचा भाव तालुक्याच्या पेठेत पोहोचण्यास लागणारा वेळ आठवड्यांवरून तासांवर आला. धुळे हे जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असूनही लोहमार्गापासून दूर राहिले होते. चाळीसगाव–धुळे हा फाटा १९०० मध्ये सुरू झाला. १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग करण्यात आले, तेव्हा धुळे पश्चिमेचे व जळगाव पूर्वेचे मुख्य ठिकाण ठरले. तारसेवा भारतात जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

दूरध्वनीचा प्रसार याहून पुष्कळ मंद होता. भारतातील पहिली दूरध्वनी केंद्रे जानेवारी १८८२ मध्ये मोठ्या बंदरांच्या शहरांत सुरू झाली. जिल्ह्याच्या गावी दूरध्वनी ही दीर्घकाळ सरकारी अधिकारी, वकील, डॉक्टर व व्यापारी यांच्यापुरतीच गोष्ट राहिली. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये बंगलोर येथे दूरध्वनी यंत्रांचा सरकारी कारखाना आणि १९५२ मध्ये रूपनारायणपूर येथे केबलचा कारखाना उभारण्यात आला. तरीही मागणी नेहमीच पुरवठ्याच्या पुढे राहिली. अनामत भरून वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत थांबणे हा मध्यमवर्गीयांचा सर्वसाधारण अनुभव होता. परगावी बोलावयाचे तर ट्रंक कॉल नोंदवावा लागे. त्याचे साधा, तातडीचा व ‘लायटनिंग’ असे प्रकार असून दर चढते असत. रावेर, सावदा, यावल, फैजपूर या केळीच्या पट्ट्यातील व्यापाऱ्यांना उत्तर भारतातील बाजारपेठांशी व्यवहार करावयाचा असल्याने ट्रंक कॉलवर त्यांचा मोठा भर असे. केळी हा नाशवंत माल आहे. तो रेल्वेच्या वाघिणीत भरला की भाव बदलला म्हणून परत आणता येत नाही. त्यामुळे या पट्ट्यात दूरध्वनी हा चैनीचा विषय कधीच नव्हता.

१९८० नंतरच्या दशकात तीन बदल घडले आणि पुढे मोडेमचा मार्ग त्यांनीच मोकळा केला. १९८४ मध्ये ‘सी-डॉट’ ही संशोधन संस्था स्थापन होऊन लहान गावांसाठी १२८ जोडण्यांचे इलेक्ट्रॉनीय केंद्र विकसित करण्यात आले. वातानुकूलनाशिवाय चालणारे हे केंद्र १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे प्रथम बसविण्यात आले व नंतर देशभरातील ग्रामीण भागांत पसरले. १९८५ मध्ये डाक-तार विभागाचे विभाजन होऊन दूरसंचाराचा स्वतंत्र विभाग झाला. तिसरा बदल म्हणजे थेट परगावी दूरध्वनी लावण्याची सोय (एसटीडी) जिल्ह्या-तालुक्याच्या गावी पोहोचून रस्तोरस्ती पिवळ्या पाट्यांची एसटीडी केंद्रे उभी राहिली. रात्री उशिरा चतुर्थांश दर लागत असल्याने अकरानंतर त्यांच्यापुढे रांगा लागत. जुन्या यांत्रिक केंद्रांतील निवडक-फिरकींच्या खडखडाटाने व सैल जोडांमुळे तारेवर सतत कर्कश आवाज येत असे. माणसाच्या संभाषणात तो खपून जाई, मोडेमच्या संकेतांत मात्र त्याने चुका होत. म्हणून इलेक्ट्रॉनीय केंद्र आल्याशिवाय घरगुती मोडेमला फारसा अर्थ नव्हता. जळगावचा संकेतांक ०२५७ व धुळ्याचा ०२५६२ आहे. शून्य वगळता संकेतांक व स्थानिक क्रमांक मिळून दहा अंक व्हावेत, असा नियम असल्यामुळे जळगावचे स्थानिक क्रमांक सात अंकी, तर धुळ्याचे सहा अंकी झाले. मोडेमला क्रमांक भरून देताना हा फरक ध्यानात न घेतल्यास जोडणी चुकीच्या ठिकाणी लागे.

या जिल्ह्यांतील पहिली नियमित संगणकीय जोडणी दूरध्वनीच्या तारेवरून झालीच नाही. राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राचे ‘निकनेट’ हे उपग्रहावर आधारित जाळे १९८०–९० या दशकाच्या अखेरीस देशातील जिल्हाधिकारी कार्यालयांपर्यंत नेण्यात आले व त्यासाठी लहान तबकडी-आकाशक वापरण्यात आले. सामान्य नागरिकाचा या जाळ्याशी थेट संबंध येत नसे. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगाव येथे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले (२०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ). पुढे सुशिक्षित वर्गात संगणकाविषयी जी उत्सुकता वाढली, तिच्यात या विद्यापीठाचा व त्याच्याशी संलग्न महाविद्यालयांचा वाटा होता. येथे एका योगायोगाची नोंद करण्यास हरकत नाही. जळगाव जिल्ह्यातील अमळनेर येथे डिसेंबर १९४५ मध्ये वनस्पती तुपाच्या निर्मितीसाठी स्थापन झालेली वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी पुढे ‘विप्रो’ या नावाने संगणक व्यवसायात उतरून जगभर ख्यातनाम झाली. या व्यवसायाचा विस्तार अर्थात बंगलोरात झाला. अमळनेरच्या घरांत इंटरनेट येण्याशी त्याचा काही संबंध नव्हता.

दूरध्वनीचे मंडल मानवी आवाजासाठी आखलेले असते व त्यातून सु. ३०० ते ३,४०० हर्ट्झ कंप्रतेचेच संकेत नीट जातात. पहिल्या पिढीचे मोडेम या अरुंद पट्ट्यातच काम करीत. संगणकातील शून्य व एक या अंकांना दोन भिन्न स्वर नेमून देणे ही मूळ कल्पना होय. अमेरिकेत १९६२ मध्ये आलेला ‘बेल १०३’ हा मोडेम सेकंदाला ३०० अंक पाठवी. पुढे स्वराची प्रावस्था व परमप्रसर हे दोन्ही एकाच वेळी बदलण्याच्या युक्त्या सापडल्या आणि आंतरराष्ट्रीय मानकांनुसार हा वेग १९८४ मध्ये ९,६००, १९९४ मध्ये २८,८०० व १९९८ मध्ये ५६,००० अंकांपर्यंत गेला. १९८१ मध्ये निघालेल्या ‘हेज’ कंपनीच्या मोडेमने संगणकावरून अक्षरी आज्ञा देऊन क्रमांक फिरविण्याची सोय केली. ‘एटी’ या दोन अक्षरांनी सुरू होणाऱ्या या आज्ञा पुढे सर्व कंपन्यांनी स्वीकारल्या. ग्राहकाने स्वतःचे यंत्र दूरध्वनी कंपनीच्या तारेला जोडावे की नाही, हा प्रश्न अमेरिकेत १९६८ मधील ‘कार्टरफोन’ निर्णयाने ग्राहकाच्या बाजूने सुटला होता. भारतात मात्र १८८५ च्या तार अधिनियमान्वये तारेवरील संदेशवहनाचा अनन्य अधिकार सरकारकडे होता. भिंतीवरील खोक्यापर्यंतची तारच नव्हे, तर पुष्कळ काळ टेबलावरील यंत्रही खात्याचेच असे.

विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात जनतेसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, ती निवडक महानगरांतून. व्यक्तिगत वापराच्या पूर्ण खात्यास २५० तासांसाठी सु. १५,००० रुपये पडत. म्हणजे तासाला ६० रुपये. वेग सेकंदाला ९,६०० अंकांचा असल्याने एक मेगाबाइट माहिती उतरविण्यास किमान साडेचौदा मिनिटे लागत. धुळे वा जळगाव येथील ग्राहकाला मुंबईचा किंवा पुण्याचा क्रमांक एसटीडीने फिरवावा लागे आणि त्या आकारापुढे तासाचे ६० रुपये अगदीच किरकोळ वाटत. त्यामुळे या काळात खानदेशात घरगुती मोडेम जवळजवळ नव्हते, असे म्हणण्यास हरकत नाही. ज्यांना ते परवडत होते त्यांना त्याची गरज पटलेली नव्हती आणि ज्यांना गरज पटली होती त्यांना ते परवडत नव्हते.

नोव्हेंबर १९९८ मध्ये खाजगी कंपन्यांना इंटरनेट सेवेची मुभा मिळाली. दूरसंचार खात्यानेही जिल्ह्यांच्या गावी स्थानिक प्रवेशकेंद्रे उघडण्याचा कार्यक्रम हाती घेतला. १ ऑक्टोबर २००० रोजी भारत संचार निगम (बीएसएनएल) अस्तित्वात आल्यावर ही सेवा ‘संचारनेट’ या नावाने प्रसिद्ध झाली. तिचा १७२२३३ हा क्रमांक देशात कोठूनही फिरवता येई व धुळे-जळगावच्या घरांतून तो अनेकांना तोंडपाठ झाला. खरा फरक पडला तो येथे. परगावचा आकार जाऊन स्थानिक आकार आला. तीन मिनिटांचे एक एकक धरले, तर तासाला वीस एकके पडत व महिनाअखेरीस बिलावर ती स्पष्ट दिसत.

मोडेम बसविण्याची रीत पुढीलप्रमाणे असे. मोडेम संगणकाच्या आत बसणारी पट्टी असे किंवा बाहेर ठेवण्याची डबी. बाहेरची डबी महाग, पण बिघाड शोधण्यास सोपी, कारण तिच्यावर दिवे असत. भिंतीवरील तार मोडेमला व मोडेममधून दुसरी तार दूरध्वनी यंत्राला जोडली जाई. नंतर संगणकात मोडेमची चालक-आज्ञावली चढवून प्रवेशक्रमांक, सदस्यनाम व परवलीचा शब्द भरावा लागे. भारतीय केंद्रांचा ‘डायल टोन’ काही परदेशी बनावटीच्या मोडेमांना ओळखता येत नसे. ते ‘स्वर मिळत नाही’ असे सांगून थांबत. तेव्हा स्वराची वाट न पाहता क्रमांक फिरविण्याची सूचना संगणकात द्यावी लागे. केंद्र जुने असल्यास स्वरपद्धतीऐवजी स्पंदपद्धतीने क्रमांक फिरविण्यास सांगावे लागे. ही दोन गुपिते ठाऊक असलेला मुलगा गल्लीत तज्ज्ञ समजला जाई. जोडणी लागताना मोडेममधून निघणारी किंकाळी व खरखर म्हणजे दोन्ही टोकांच्या मोडेमांनी तारेची प्रत तपासून परस्परांना मानवेल असा वेग ठरविण्याची क्रिया होय. तार चांगली असेल तर वेग ४० हजारांच्या पुढे जाई. जोडात पाणी शिरले असल्यास तो २० हजारांच्याही खाली येई किंवा जोडणी तुटे. मोडेम चालू असता घरातील दूरध्वनी बंद राही. दुसऱ्या खोलीतील समांतर यंत्र कोणी उचलले तर जोडणी तत्काळ कोसळे. एक तार व दोन उपयोग यांतून घरोघरी जो वाद होई, त्यावर उपाय म्हणून मोडेमचा वापर रात्री, घरातील मंडळी झोपल्यावर होऊ लागला.

घरात मोडेम नसलेल्यांची पहिली ओळख इंटरनेट केंद्रांत (सायबर कॅफे) व संगणक-शिक्षणवर्गांत झाली. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम शासकीय नोकरीच्या दृष्टीने आवश्यक मानला जाऊ लागल्याने तालुक्याच्या गावीही त्याची केंद्रे निघाली. शालान्त परीक्षेचे निकाल इंटरनेटवर जाहीर होऊ लागल्यावर तर निकालाच्या दिवशी अशा केंद्रांपुढे गर्दी होई. केंद्रचालक निकाल कागदावर छापून देई. शाळेच्या फळ्यापुढे उभे राहण्याची जुनी प्रथा या एका दुपारीपुरती दुकानापुढे हलली, एवढाच तिचा दृश्य परिणाम होता.

२००४ च्या राष्ट्रीय धोरणात सेकंदाला २५६ किलोबिट हा ब्रॉडबँडचा किमान वेग ठरविण्यात आला आणि १४ जानेवारी २००५ रोजी बीएसएनएलने ‘डेटावन’ ही सेवा सुरू केली. घरगुती मोडेमचे खरे युग येथून सुरू होते. या सेवेतील मोडेम आवाजाच्या पट्ट्यात काम करीतच नाही. तांब्याच्या तारेच्या जोडीत आवाजासाठी ४ किलोहर्ट्झपर्यंतचा पट्टा पुरतो. त्याच्या वरचा सु. २६ ते १३८ किलोहर्ट्झ हा भाग घराकडून केंद्राकडे व १३८ ते १,१०४ किलोहर्ट्झ हा भाग केंद्राकडून घराकडे माहिती नेण्यास वापरला जातो. दोन्ही दिशांचे पट्टे असमान असल्याने या पद्धतीस असममित अंकीय ग्राहकमार्ग (एडीएसएल) म्हणतात. पट्ट्याचे ४.३१२५ किलोहर्ट्झ अंतराने अनेक उपवाहक केले जातात व जो उपवाहक तारेतील दोषांमुळे नीट जात नाही, तो सोडून दिला जातो. ही पद्धत स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन सिओफी यांच्या संशोधनातून व्यवहार्य झाली. बेलकोर प्रयोगशाळेतील जोसेफ लेशलाइडर यांनी पट्टे असमान ठेवण्याची कल्पना मांडली होती. घरात भिंतीवरून येणारी तार प्रथम विभाजकाला (स्प्लिटर) जोडली जाते. त्यातून एक तार दूरध्वनीला व दुसरी मोडेमला जाते. त्यामुळे बोलणे व इंटरनेट एकाच वेळी चालू राहते आणि घरातील जुना वाद मिटतो. विभाजक न लावता मोडेम व दूरध्वनी सरळ एकत्र जोडल्यास बोलताना खरखर येते व वेग घसरतो. असंख्य तक्रारींचे मूळ या एवढ्याशा डबीत असे.

पुढील भाग कष्टाचा होता. मोडेम संगणकाला जोडून न्याहाळकात १९२.१६८.१.१ हा पत्ता भरला की मोडेमचे अंतर्गत पान उघडे. तेथे बीएसएनएलच्या जाळ्यासाठी ० व ३५ हे दोन अंक, तसेच जोडणीचा प्रकार, सदस्यनाम व परवलीचा शब्द नोंदवावे लागत. मुंबई व दिल्ली येथील महानगर टेलिफोन निगमासाठी याच ठिकाणी ० व ३२ हे अंक होते. मुंबईहून नातेवाइकाने पाठविलेला मोडेम खानदेशात चालेना, तर बहुधा हेच कारण असे. सर्व पाने व सूचना इंग्रजीत होत्या. मोडेम पुढे मराठी घराघरांत गेला, तरी त्याचे पान मराठी झाले नाही. ग्राहकांनी त्यावर आपला मार्ग काढला. दिव्यांची भाषा त्यांनी शिकून घेतली. ‘डीएसएल’चा दिवा लुकलुकत राहिला तर तारेत दोष, तो स्थिर असूनही पुढचा दिवा लागत नसेल तर नाव वा परवलीचा शब्द चुकलेला. संगणकावर येणारे ६७८ व ६९१ हे दोष-क्रमांक अनुक्रमे याच दोन स्थितींचे निदर्शक होत. १९८ या क्रमांकावर तक्रार नोंदविताना ‘६७८ येतोय’ एवढे सांगणे लाइनमनला पुरत असे.

आकारणीचा प्रश्न यंत्रापेक्षा गुंतागुंतीचा ठरला. दरमहा ५०० रुपयांच्या लोकप्रिय योजनेत १ गिगाबाइट माहिती समाविष्ट असून त्यापुढील प्रत्येक मेगाबाइटला वेगळा आकार पडे. जानेवारी २००७ पासून त्याच दरात वेग २ मेगाबिटपर्यंत वाढविण्यात आला. वेग वाढला, मर्यादा मात्र तीच राहिली. २५६ किलोबिटच्या वेगाने १ गिगाबाइट संपण्यास नऊ तासांहून अधिक लागत. २ मेगाबिटने तो सव्वा तासाच्या आत संपू शकतो. हे गणित ज्यांना उमगले नाही, त्यांच्या हाती अनपेक्षित मोठी बिले आली. याच योजनेत पहाटे २ ते ८ या वेळेतील वापर मोफत होता. विद्यार्थी दोनचा गजर लावून उठत किंवा त्या वेळी आपोआप सुरू होणारी आज्ञावली संगणकात ठेवीत. मर्यादा नसलेली ९०० रुपयांची योजना आल्यावर पुष्कळांनी कमी वेग पत्करून ती घेतली. वेगापेक्षा बिलाची निश्चिती त्यांना मोलाची वाटली आणि त्यांचा हिशेब चुकीचा म्हणता येणार नाही.

मोडेमच्या प्रसारास खानदेशात दोन अडथळे विशेष जाणवले. पहिला अंतराचा. तांब्याच्या तारेत कंप्रता वाढेल तशी संकेताची क्षीणता वाढते. अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या तारेच्या जोडीचा रोध किलोमीटरला सु. १६८ ओहम असतो आणि पाचेक किलोमीटरच्या पुढे एडीएसएल पद्धत उपयोगी पडत नाही. अंतर रस्त्याने नव्हे, तर केबलच्या मार्गाने मोजावे लागते. धुळे व जळगाव शहरांच्या जुन्या पेठा केंद्राजवळ असल्याने तेथे सेवा चांगली मिळाली. नव्या वसाहती लांब पडल्या. यावल-रावेरच्या शेतवस्त्यांवर किंवा सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर तांब्याची योग्य तारच नव्हती. ग्रामीण भागात प्रतीक्षायादी संपविण्यासाठी २००० नंतर बिनतारी ग्राहकमार्गाचे (डब्ल्यूएलएल) दूरध्वनी मोठ्या प्रमाणावर देण्यात आले. त्यामुळे दूरध्वनी लवकर मिळाला हे खरे, परंतु तार नसल्याने ब्रॉडबँडचा मोडेम त्यावर लागू शकला नाही. ज्या गावांनी दूरध्वनीसाठी सर्वाधिक वाट पाहिली होती, त्यांच्या वाट्याला अशी जोडणी आली की जिच्यावर पुढची पायरी चढता येत नव्हती. नियोजनातील ही उणीव त्या वेळी फारशी चर्चिली गेली नाही.

दुसरा अडथळा विजेचा. साधा दूरध्वनी घरातील विजेवर चालत नाही. त्याला केंद्रातील ४८ व्होल्टच्या विद्युत् घटमालेतून तारेवाटेच प्रवाह मिळतो. म्हणून वीज गेली तरी दूरध्वनी चालू राही आणि लोकांनी ते गृहीतच धरले होते. मोडेमला मात्र घरातील वीज लागते. डेटावनचा प्रसार ज्या वर्षांत झाला, त्याच वर्षांत महाराष्ट्रात भारनियमन तीव्र होते व त्याची झळ शहरांपेक्षा ग्रामीण भागांस अधिक बसली. मोडेम व संगणक यांसाठी इन्व्हर्टर किंवा यूपीएस घेणे भाग पडे, म्हणजे मोडेमच्या किमतीत ही भरही धरली पाहिजे. उन्हाळ्याच्या अखेरीस वळवाच्या पावसाबरोबर विजा पडू लागल्या की तारेवाटे आलेल्या विद्युत् दाबाने मोडेम जळत. आभाळ गडगडले की आधी मोडेमच्या दोन्ही तारा काढावयाच्या, ही सवय घरोघर लागली. खानदेशातील काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तीत पुरलेल्या केबलच्या जोडांना हे मानवत नाही. जेली भरलेल्या केबलींमुळे पाणी शिरण्याचे प्रमाण कमी झाले, तरी रस्ता-रुंदीकरण व जलवाहिन्यांच्या खोदकामात केबल तुटण्याचे प्रकार चालूच राहिले. मुंबई–आग्रा व सुरत–नागपूर हे दोन महामार्ग धुळ्याजवळ मिळत असल्याने तेथे असे खोदकाम वारंवार झाले.

बिनतारी (वाय-फाय) मोडेम आल्यावर एकाच जोडणीवर घरातील अनेक यंत्रे चालू लागली. परवलीचा शब्द न लावता तो उघडा ठेवण्याची सर्रास पद्धत होती. जुलै २००८ मध्ये अहमदाबाद येथील बॉम्बस्फोटांपूर्वीचा धमकीचा संदेश नवी मुंबईतील एका घराच्या उघड्या वाय-फायवरून पाठविला गेल्याचे उघडकीस आले. त्यानंतर २००९ मध्ये दूरसंचार विभागाने अशा जोडण्या सुरक्षित करण्याच्या सूचना दिल्या. मोडेमच्या इंग्रजी पानावर परवलीचा शब्द कोठे भरावा, हे सांगण्यासाठी पुन्हा त्याच गल्लीतील तज्ज्ञाला बोलवावे लागले.

ब्रॉडबँडची व्याख्या २०१३ मध्ये ५१२ किलोबिटवर व जानेवारी २०२३ मध्ये २ मेगाबिटवर नेण्यात आली. तत्पूर्वीच सप्टेंबर २०१६ पासून स्वस्त झालेल्या मोबाइल इंटरनेटमुळे घरगुती मोडेमची गरज पुष्कळांस वाटेनाशी झाली होती. अहिराणी गाणी व विनोदी चित्रफिती यांचा मोठा प्रेक्षकवर्ग तयार झाला, तो मुख्यतः मोबाइलवरच. २०२० मध्ये कोविडच्या टाळेबंदीत शाळा घरी भरू लागल्यावर मात्र तारेच्या स्थिर जोडणीचे मोल पुन्हा लक्षात आले. एका घरातील दोन मुलांचे वर्ग आणि एका प्रौढाचे कार्यालयीन काम एका मोबाइलवर चालत नव्हते. सातपुड्यातील पाड्यांवर तर मोबाइलचा संकेतही दुर्मीळ असल्याने मुलांना टेकडीवर जाऊन बसावे लागे.

तांब्याची जागा आता काचतंतूने घेतली आहे. घरापर्यंतच्या काचतंतू-सेवेत केंद्राकडून १,४९० नॅनोमीटर व घराकडून १,३१० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश एकाच तंतूतून जातो आणि एका तंतूवर ३२ वा अधिक घरे विभाजकाद्वारे जोडता येतात. सु. २० किलोमीटरपर्यंत संकेत पोहोचत असल्याने तांब्याच्या काळातील अंतराचा अडथळा बराच दूर झाला. जोडणी देण्याचे काम पुष्कळ ठिकाणी स्थानिक केबल-दूरचित्रवाणी चालक करतात. घरात बसविलेली पेटी शास्त्रीय दृष्ट्या प्रकाशीय जालसमापक होय, पण लोक तिला मोडेमच म्हणतात. तीही घरातील विजेवर चालते, म्हणून तिच्या शेजारी १२ व्होल्टची लहान घटपेटी ठेवण्याची पद्धत पडली आहे. जुन्या केंद्रांतील ग्राहक कमी झाल्याने अनेक मार्गांवरील तांब्याची केबल वापराविना पडून आहे. चोरीमुळे काही ठिकाणी ती नाहीशी झाली आहे, तर पुष्कळ जागी जमिनीखाली तशीच राहिली आहे.